पिंजारलेले केस आणि पर्समधली वॅक्स स्टिक : बडोद्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या वहिनी मांजलपूरला राहतात आणि अलकापुरीत एका खासगी वित्तसंस्थेच्या काउंटरवर बसतात. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाकी जसं घडलं तसं लिहिलं आहे, आणि त्यांना वाचून दाखवून मगच. दांडिया बाजारातल्या माझ्या पार्लरमध्ये त्यांच्या सासूबाई वर्षानुवर्षं येतात, म्हणून सूनबाईही माझ्याकडे आल्या. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला ताई.

आल्या तेव्हा ऑगस्ट होता, बाळ नऊ महिन्यांचं होतं आणि बाळंतपणाची रजा संपवून त्या नुकत्याच कामावर रुजू झाल्या होत्या. केस खांद्याच्या खाली, मुळातच लहरी, पोत जाडसर. सकाळी सातला आंघोळ, त्यातच केस धुवायचे, टॉवेलने खसाखसा पुसायचे, ओल्या केसांचीच घट्ट पोनी घालायची, वर सुती ओढणी, त्यावर हेल्मेट आणि ॲक्टिव्हा काढायची. ऑफिसात पोहोचून हेल्मेट उतरवलं की भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळावर बारीक केस उभे राहिलेले. लांबून पाहिलं तर डोक्याभोवती कापूस लावल्यासारखं दिसायचं.

एका सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर “काउंटरवर बसणाऱ्यांनी केस नीट ठेवावेत” असं सुनावलं. नाव घेतलं नाही, पण कोणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळलं. ते त्यांना फार लागलं होतं. नऊ महिन्यांचं मूल घरी ठेवून वेळेवर कामाला येणाऱ्या बाईला असं चारचौघांत ऐकवणं मला आजही पटत नाही.

अडचण

त्याच संध्याकाळी त्यांनी ऑनलाइन वॅक्स स्टिक मागवली. लिपस्टिकसारखी फिरवून वर काढायची आणि थेट केसांवर घासायची ती. पहिले काही दिवस खूश होत्या. मग हळूहळू त्रास सुरू झाला. दुपारी चारपर्यंत पुढचे केस तेलकट होऊन कपाळाला चिकटायचे, पण माथ्यावरचे केस उभेच. म्हणून पुन्हा स्टिक. घरी निघताना पुन्हा एकदा, कारण आरशात केस विस्कटलेलेच दिसायचे. रोज शॅम्पू करूनही मेण पूर्ण निघेना. कंगव्याच्या दातांत राखाडी, चिकट थर साचू लागला आणि केसांच्या रेषेलगत कपाळावर बारीक, एकसारख्या पुटकुळ्या उठल्या.

माझ्याकडे त्या पुटकुळ्यांसाठी आल्याच नव्हत्या. त्यांचा प्रश्न सरळ होता : “ताई, केरॅटिन करून टाकू का? एकदाच काय ते मिटेल.” केस गुळगुळीत, सरळ करणारा हा उपचार दुसऱ्या एका पार्लरने त्यांना सुचवलाही होता.

आधी केस बघितले

हा भाग मी सविस्तर लिहिते आहे, कारण या प्रकरणाचा सगळा निकाल इथेच लागला.

उडणारे केस सगळे सारखे दिसतात, पण ते तीन निरनिराळ्या कारणांनी उडतात. काही केस नवे उगवलेले असतात, काही मधेच तुटलेले असतात आणि काही पूर्ण लांबीचे असूनही दमट हवेने फुगून, वळून बाहेर पडलेले असतात. ओळखायला यंत्र लागत नाही. पांढऱ्या कागदावर कपाळाजवळचा एकेक केस आडवा धरायचा आणि टोक बघायचं. नव्या केसाचं टोक निमुळतं होत गेलेलं असतं. तुटलेल्याचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं.

वहिनींच्या कपाळावर आणि कानशिलांवर दोन-अडीच बोटं लांबीचे भरपूर केस होते आणि त्यांतल्या बहुतेकांची टोकं निमुळती होती. म्हणजे बाळंतपणानंतर गळालेल्या केसांच्या जागी आलेले हे नवे केस. गरोदरपणात केस नेहमीपेक्षा जास्त काळ वाढीच्या अवस्थेत राहतात. बाळंतपणानंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी ते एकदम गळायला लागतात आणि मग पुढच्या काही महिन्यांत सगळे एकाच वेळी उगवून येतात. हे केस मेणाने दाबून ठेवायची वैरी मंडळी नव्हेत, त्यांना वाढूच द्यायचं असतं.

माथ्यावर आणि पोनीचं रबर बसतं त्या पट्ट्यात मात्र बोथट टोकं सापडली. ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो आणि जास्त ताणला जातो. तो ओला असतानाच घट्ट रबराने आवळायचा, वर खरखरीत सुती ओढणी आणि हेल्मेटचं घर्षण. रोज.

तिसरा प्रकार बाकीच्या लांब केसांचा. केस आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतो. केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की ते बंध सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असेल त्या आकारात नव्याने जुळतात. वहिनींचे केस ओढणी आणि हेल्मेटखाली चुरगळलेल्या अवस्थेत वाळत होते. म्हणजे रोज सकाळी अर्धा तास त्या आपल्या केसांना विस्कटलेला आकार स्वतःच देत होत्या, आणि मग दिवसभर स्टिकने तो मोडायचा प्रयत्न करत होत्या. त्यात ऑगस्टमधली बडोद्याची हवा. विश्वामित्री भरून वाहत असताना या शहरात टॉवेल वाळत नाही, तिथे केस कुठून शांत बसणार?

आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. त्यांच्या सोसायटीत वापरायचं पाणी बोअरवेलचं आहे. महापालिकेचं आजवा तलाव आणि मही नदीचं पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला भरून ठेवतात. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, केस खरबरीत लागतात, आणि मेणाचा थर आधीच असेल तर सगळंच आणखी चिवट होतं.

समोर असलेले पर्याय

केरॅटिन किंवा स्मूदनिंग. माझ्या पार्लरमध्येही ते होतं आणि करून दिलं असतं तर त्या दिवशी माझा चांगला धंदा झाला असता. मी नको म्हटलं. बऱ्याच सरळ करणाऱ्या उपचारांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा गरम प्रेसखाली तयार होतं, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. ‘फॉर्मल्डिहाइड-मुक्त’ म्हणून येणाऱ्या कित्येक क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, आणि ते वापरल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचे वैद्यकीय अहवाल अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत. अंगावर पिणारं मूल असताना हा धोका कशासाठी पत्करायचा? शिवाय दोन बोटांच्या नव्या केसांवर प्रेस नीट फिरत नाही आणि त्यांचा त्रास होता तो मुख्यतः त्याच केसांचा.

तेल लावून चापून बसवणं. हा सासूबाईंचा आग्रह. त्यांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य नक्की होतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि रा. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना करून हे दाखवलं होतं. तेव्हा धुण्याआधी खोबरेल जरूर लावावं. पण तेल लावून ॲक्टिव्हावरून मांजलपूर ते अलकापुरी गेलं तर रस्त्याची धूळ डोक्यावर घेऊनच पोहोचायचं.

स्टिक पूर्ण बंद करून दुसरं काही पर्समध्ये ठेवणं. इथे आम्ही बराच वेळ घालवला, कारण बाजारात आता लहान आकाराची पुष्कळ उत्पादनं मिळतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

सिलिकॉनचं सीरम केसावर पातळ पदर धरतं, दमट हवा आत जायला अडथळा करतं आणि घर्षण कमी करतं. लांब केसांच्या फुगण्यावर ते उत्तम, पण कपाळावरच्या बारीक केसांना ते धरून ठेवू शकत नाही. मस्कारासारख्या ब्रशने लावायचं जेल पाण्यावर आधारलेलं असतं, मिनिटभरात वाळतं आणि धूळ ओढत नाही. मात्र वाळलेल्या थरावर पुन्हा थर दिला की पांढरे पापुद्रे सुटतात. वॅक्स स्टिक घट्ट धरते पण कधीच वाळत नाही, त्यामुळे घाम, धूळ, मेकअप सगळं तिला चिकटतं. ग्लिसरिन घातलेला फवारा उन्हाळ्यापूर्वी बरा, पण पावसाळ्यात तो हवेतलं पाणी केसाकडे ओढतो आणि केस आणखी फुगतात. हेअर स्प्रेचा छोटा डबा काम चांगलं करतो, पण वहिनींना सामान डिकीत ठेवायची सवय होती. असे डबे ५० अंशांच्या वर तापू द्यायचे नसतात आणि बडोद्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी किती तापते हे हात घालणाऱ्याला माहीत असतं. त्यांची पहिली स्टिक तिथेच मऊ होऊन टोपणात चिकटून बसली होती.

काय केलं

पहिलं काम साचलेलं मेण काढायचं. मेण पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र ते सैल होतं. म्हणून पुढच्या केसांना थोडं खोबरेल लावून अर्धा तास ठेवलं, मग केस जेमतेम ओले करून शॅम्पू तेलावरच चोळला, नंतर पाणी घेऊन फेस केला, धुतलं आणि पुन्हा एकदा शॅम्पू. शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या पाण्याचे. घरीही त्यांनी हेच ठेवलं : शेवटचं पाणी तेवढं भरून ठेवलेल्या बादलीतलं.

कपाळावरच्या पुटकुळ्यांसाठी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. केसांना लावायच्या चिकट मेणा-मलमांनी कपाळावर उठणाऱ्या अशा पुरळाचं वर्णन वैद्यकात १९७० पासून आहे. डॉक्टरांनीही स्टिक कपाळापासून लांब ठेवा असंच सांगितलं, आणि गळतीचं ऐकून हिमोग्लोबिन तपासलं. ते थोडं कमी निघालं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग आला सगळ्यांत अवघड निर्णय : केस धुवायची वेळ. सकाळी धुतल्याशिवाय ताजंतवानं वाटत नाही, आणि संध्याकाळी बाळ सोडत नाही. इथे मला बोलण्यासारखं काही नव्हतं, हा घरचा प्रश्न होता. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्याच म्हणाल्या, “एक दिवसाआड संध्याकाळी मी घेते बाळाला. सातची आरती होईपर्यंत तू न्हाऊन घे.” कोणत्याही सीरमपेक्षा या अर्ध्या तासाने जास्त काम केलं. केस संध्याकाळी धुवून, जुन्या मऊ सुती कपड्याने टिपून, मोकळे सोडून, झोपेपर्यंत पूर्ण वाळायचे. सकाळी फक्त विंचरायचे.

ओढणीऐवजी मंगळ बाजारातून सॅटिनचा गुळगुळीत स्कार्फ आणला. बारीक घट्ट रबर गेलं, जाड कापडी रबर आलं. पोनी सैल आणि खाली. लांब केसांना सीरम, तेही धुतल्यावर अर्धवट ओले असताना, तळहातावर दोन थेंब चोळून कानाच्या खालीच.

आता पर्सचं. दोन वस्तू ठरल्या : ब्रशचं जेल आणि तीच वॅक्स स्टिक, पण लावायची पद्धत पूर्ण वेगळी. ही पद्धत मी त्यांना आरशासमोर बसवून करून घेतली.

ऑफिसात पोहोचल्यावर लगेच काही लावायचं नाही. हेल्मेट काढून आधी रुमालाने कपाळ आणि केसांची रेषा टिपायची आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. घामाने ओल्या केसावर ना मेण बसतं ना जेल. मग कपाळावरच्या नव्या केसांना जेलचा ब्रश बाटलीच्या तोंडाशी पुसून, जवळपास कोरडा करून, एकदाच आणि केस ज्या बाजूला वळतो त्याच बाजूला फिरवायचा. मागे ओढायचं नाही. वरून तळहात टेकवून दहा आकडे मोजायचे. माथ्यावरच्या तुटक्या केसांना स्टिक थेट लावायची नाही. एक स्वच्छ, रिकामा मस्कारा ब्रश स्टिकवर दोनदा फिरवायचा, हाताच्या मागच्या बाजूला पुसायचा आणि उरलेलं जे काही ब्रशवर आहे तेवढंच भांगाच्या कडेने न्यायचं. त्वचेला लागता कामा नये. दिवसातून एकदाच. दुपारी केस सुटले तर नुसता कोरडा ब्रश, नवं काही नाही.

“एवढ्याने राहतात?” वहिनींनी विचारलं. राहतात, कारण उडणारा केस धरायला फार थोडी पकड लागते. जास्त लावलं की केसांचे पुंजके होतात आणि त्यांच्या फटीतून उरलेले केस अधिकच उठून दिसतात.

नवरात्रात

ऑफिसची घडी बसते न बसते तोच नवरात्र आलं. घरी घट, रात्री गरबा, आणि बडोद्यात गरब्याला जायचं नाही हे वहिनींना मान्य नव्हतं. मैदानावर हजारोंच्या पायांनी उडणारी माती, घाम, त्यात पावसाचा उरलेला दमटपणा. तिथे ऑफिसची पद्धत पुरणारी नव्हती.

दोन मार्ग होते. सगळे केस स्टिकने चापून घट्ट अंबाडा, किंवा सैल अंबाडा आणि पुढचे बारीक केस मुद्दाम मोकळे. त्यांचा ओढा पहिल्याकडे होता. पहिल्या रात्री त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी कानशिलं दुखत होती आणि मेणात मातीचा थर बसला होता. दुसऱ्या रात्रीपासून खाली सैल अंबाडा, त्यावर मोगऱ्याचा गजरा, मानेवरच्या सुटणाऱ्या केसांना तेवढं मेण आणि कपाळावरच्या केसांना थोडं जेल लावून वळण दिलेलं. उडाले तर उडाले. घरी परतल्यावर केसांची रेषा ओल्या कपड्याने पुसून झोपायचं, धुणं एक दिवसाआडच.

निष्पत्ती

दिवाळीपर्यंत कपाळावरच्या पुटकुळ्या बऱ्याचशा बसल्या, दोन-तीन डाग मागे राहिले. माथ्यावरचं तुटणं स्पष्ट कमी झालं. कंगव्यातला राखाडी थर गेला. ऑफिसात पुन्हा कोणी काही बोललं नाही.

सगळं मिटलं असं मात्र नाही. ऑक्टोबरात अवेळी पाऊस आला त्या आठवड्यात केस पुन्हा फुगलेच. जेलने एका दुपारी काउंटरवर असतानाच पांढरे पापुद्रे सोडले, कारण घाईत सकाळच्या थरावर दुसरा थर दिला गेला होता. आणि नव्या केसांचं काय? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कपाळावरचा केस खालच्या पोनीत अडकण्याइतका लांब व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो. मधली काही महिन्यांची लांबी, जी ना कपाळावर बसते ना कानामागे जाते, तिला कोणत्याही स्टिकमध्ये उत्तर नाही. त्या काळासाठी दोन बारीक काळ्या पिना दिल्या.

थंडीत प्रकार उलटा झाला. कोरड्या हवेत प्लास्टिकचा कंगवा फिरवला की केसांत वीज भरते आणि ते एकमेकांपासून दूर उभे राहतात. तिथे मेण-जेल काहीच नको होतं. लाकडी कंगवा आणि त्यावर बोटाने पुसलेलं सीरम, एवढ्यावर भागलं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

खरेदीच्या आधी केसाची टोकं बघायची. वहिनींनी ते पहिल्या दिवशी केलं असतं तर कपाळावर मेण गेलंच नसतं आणि पुरळही उठलं नसतं. बाई नुकती बाळंत झाली आहे का, नवं औषध सुरू झालं आहे का, ताप येऊन गेला आहे का, हे प्रश्न पार्लरवालीने सीरमची बाटली काढण्याआधी विचारायचे असतात. गळती वर्षभरानंतरही चालूच असेल किंवा टाळू दिसू लागली असेल, तर ते काम डॉक्टरांचं आहे.

केस वाळण्याची वेळ आणि जागा आधी बदलायची, मग पर्समध्ये काय ठेवायचं ते ठरवायचं. उलट क्रमाने गेलं की उत्पादन दुप्पट लागतं. जड पाण्याचा विचार आम्ही थोडा लवकर करू शकलो असतो. क्षार काढणारा शॅम्पू महिन्यातून एकदा, हे आता दिवाळीनंतर सुरू झालं आहे आणि केसाचा स्पर्श त्याने बदलला आहे.

स्मूदनिंगचा विषय वहिनींच्या मनातून पूर्ण गेलेला नाही. बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर आणि नवे केस हनुवटीपर्यंत आल्यावर पुन्हा बोलू, असं ठरलं आहे. तोवर स्टिक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहील, कारण मार्च लागला की डिकीत ती टिकणार नाही.